हॅरेम मांगा सुचवायची तर आधी शेवटाबद्दल बोला

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचणारे चौघे जमले की त्यातला नवखा हमखास विचारतो, "हॅरेममध्ये काय वाचू?" लगेच दहा-पंधरा नावं पुढे येतात. विचारणारा त्यांतलं एक उचलतो. मग एक तर तिसऱ्या खंडात कंटाळतो, नाही तर विसाव्या खंडापर्यंत पोचून शेवटावर इतका चिडतो की पुन्हा या प्रकाराच्या वाटेला जात नाही. सांगितलेली नावं सगळी चांगलीच असतात, पण कोणाला काय झेपेल हे कोणी विचारलेलं नसतं.

हॅरेम रोमान्समध्ये एका मुलाभोवती, किंवा एका मुलीभोवती, तीन-चार-पाच जणांचं प्रेम उभं राहतं. वाचक पहिल्या दोन-तीन खंडांतच त्यांतल्या एकीची बाजू घेतो आणि पुढचं सगळं तिच्यासाठी वाचतो. साहसकथेत नायक जिंकला की सगळे वाचक खूश होतात. इथे पाच नायिका असतील आणि एकच निवडली जाणार असेल, तर चौघींच्या वाचकांच्या पदरी निराशाच येते. म्हणून माझं ठाम मत आहे की हॅरेम सुचवताना कथा कोणत्या प्रकारे संपते ते आधी सांगावं, आणि कोणाची निवड होते ते मात्र अजिबात सांगू नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी याच धोरणाने लिहिल्या आहेत. ज्यांनी स्वतः दोन-तीन मालिका वाचल्या आहेत आणि आता मित्रमैत्रिणींना सुचवायला लागले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पहिल्यांदाच वाचणाऱ्यालाही तो स्वतःसाठी वापरता येईल.

पहिली पायरी: समोरच्याला बोलू द्या

तीन गोष्टी विचारून घ्या. आजवर कुठली प्रेमकथा मनापासून आवडली, ही पहिली. उत्तरात मांगाच यायला हवी असं नाही. सिनेमा, मालिका, कादंबरी काहीही चालेल. कोणाला भांडता भांडता प्रेमात पडणारी जोडी आवडते, कोणाला लहानपणच्या वचनाची गोष्ट आवडते, आणि कोणाला मुळात पोट धरून हसायचं असतं, प्रेम नुसतं तोंडी लावायला हवं असतं. या तिघांना एकच मांगा देऊन भागत नाही.

किती वाचायची तयारी आहे, ही दुसरी. मांगाचा एक खंड साधारण दोनशे पानांचा असतो आणि साप्ताहिकात येणाऱ्या मालिकेचे आठ-दहा चॅप्टर त्यात बसतात. 'द क्विंटेसेन्शियल क्विंटुप्लेट्स' आणि 'लव्ह हिना' प्रत्येकी १४ खंडांत संपतात. 'निसेकोई' २५ खंडांची आहे, 'रानमा १/२' तब्बल ३८ खंडांची. परीक्षा तोंडावर असलेल्या मुलाच्या हातात ३८ खंड देणं बरं नव्हे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: काय अजिबात सहन होणार नाही? इथे लोक मोकळेपणाने बोलतात. "नायक बावळट असला की डोकं फिरतं", "मुलींचे कपडे फाटण्याचे विनोद नकोत", "वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलेलं चालणार नाही", "माझी आवडती हरली तर वाईट वाटतं". या तक्रारी नीट ऐका. आवडीनिवडीपेक्षा यांच्यावरूनच योग्य नाव लवकर सापडतं.

दुसरी पायरी: शेवटाचा प्रकार ओळखा

तुम्ही वाचलेल्या प्रत्येक हॅरेम मांगाबद्दल स्वतःला विचारा की ती कोणत्या वळणाने संपते. माझ्या हिशेबाने मुख्य प्रकार चार आहेत, आणि न संपलेल्या मालिकांचा एक वेगळा गट.

पहिला प्रकार म्हणजे एकीची निवड. नाओशी कोमी यांची 'निसेकोई' २०११ ते २०१६ या काळात 'वीकली शोनेन जंप'मध्ये आली. याकुझा, म्हणजे जपानी गुंडांच्या टोळीच्या, घराण्यातला राकू आणि दुसऱ्या टोळीच्या म्होरक्याची मुलगी चितोगे यांना टोळीयुद्ध टाळण्यासाठी प्रेमी जोडपं असल्याचं नाटक करावं लागतं. राकूच्या गळ्यात मात्र दहा वर्षांपूर्वी एका मुलीला दिलेल्या वचनाचं लॉकेट आहे, आणि त्याची किल्ली कोणाकडे, हे त्याला आठवत नाही. चितोगेचे चाहते आणि राकूला आधीपासून आवडणाऱ्या वर्गमैत्रिणीचे, ओनोदेराचे, चाहते यांच्यातला वाद मालिका संपून इतकी वर्षं झाली तरी मिटलेला नाही. वाचकांच्या लोकप्रियता मतदानात मारिका या पात्रासाठी जपानमधल्या एका वाचकाने एकट्याने १५०० मतं पाठवली होती! या प्रकारात माणसं किती गुंततात ते कळायला एवढं पुरे. 'निसेकोई' देताना "शेवटी एकच निवडली जाते, आणि मधले काही खंड कथा जागच्या जागी फिरते" एवढं सांगितलंत तर वाचणारा मनाची तयारी करून बसतो.

'क्विंटुप्लेट्स'ही याच प्रकारातली, पण नेगी हारुबा यांनी तिची बांधणी फार हुशारीने केली आहे. पहिल्याच पानांवर नायकाचं लग्न दिसतं. नवरी पाच जुळ्या बहिणींपैकी एक, हे कळतं. कोणती, ते शेवटाकडे जाईपर्यंत कळत नाही. म्हणजे एक निवडली जाणार आणि चार राहणार, हा करार लेखक वाचकाशी आधीच करतो. त्यामुळे मालिका संपली तेव्हा नाराज झालेले वाचकसुद्धा फसवलं गेल्याची तक्रार फारशी करू शकत नाहीत. २०१७ ते २०२० या काळात 'वीकली शोनेन मॅगझिन'मध्ये आलेले १२२ चॅप्टर, आणि सुरुवातीच्या भागांत पेरलेल्या खुणा मागे जाऊन तपासायची सोय. २०१९ मध्ये तिला शोनेन, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीच्या मांगांच्या, गटातला कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला.

दुसरा प्रकार, प्रत्येकीला तिचा शेवट. हे कुठून आलं ते सांगितलं तर नवख्याला पटकन समजतं. कोनामी कंपनीचा 'तोकिमेकी मेमोरियल' हा गेम १९९४ मध्ये आला. त्यात खेळणाऱ्याने कोणाशी कसं वागायचं यावरून वेगवेगळ्या मुलीसोबतचा शेवट मिळायचा. अशा वाटेला चाहते आजही 'रूट' म्हणतात. ताइशी त्सुत्सुइ यांनी 'वुई नेव्हर लर्न'मध्ये हीच पद्धत कागदावर आणली. मूळ कथा एका नायिकेसोबत पूर्ण होते. मग काळ मागे नेऊन उरलेल्या चौघींना स्वतंत्र कथा आणि स्वतंत्र शेवट मिळतो. २०१७ ते २०२० मध्ये आलेले हे २१ खंड. काही वाचकांना ही पळवाट वाटते. मला ती वाचकांबद्दलची माया वाटते. फुमिनोच्या चाहत्यालाही तिचं सुख बघायला मिळतं आणि मास्तरीण किरिसू आवडणाऱ्यालाही.

तिसरा, सगळ्यांसोबत. 'गर्लफ्रेंड, गर्लफ्रेंड'चा नाओया पहिल्या प्रेयसीच्या तोंडावर सांगतो की दुसरीनेही मला विचारलंय, आपण तिघं एकत्र राहू या का? हिरोयुकी यांची ही १६ खंडांची धमाल २०२० ते २०२३ मध्ये आली. पण या प्रकाराची राणी म्हणजे '१०० गर्लफ्रेंड्स'. रिकितो नाकामुरा यांची कथा, युकिको नोझावा यांची चित्रं, २०१९ च्या अखेरीपासून 'वीकली यंग जंप'मध्ये. शंभर मुलींचा नकार पचवलेल्या रेंतारोला देव सांगतो की तुझ्या नशिबात शंभर जन्मजोडीदार आहेत, आणि एकदा भेट झाल्यावर त्यांतल्या जिच्याशी तुझं जुळणार नाही तिचा जीव जाईल. मग तो काय करणार? सगळ्यांवर प्रेम करतो, आणि मनापासून करतो. इथे कोणापासून काही लपवलेलं नाही, प्रत्येकीला बाकीच्या माहीत आहेत, आणि पुढे त्या एकमेकींच्याही मैत्रिणी होतात. आवडती हरण्याची भीती ज्याला असते त्याच्यासाठी यापेक्षा सुरक्षित जागा नाही.

चौथा, मोकळा सोडलेला शेवट. रुमिको ताकाहाशी यांची 'उरुसेई यात्सुरा' १९७८ ते १९८७ आणि 'रानमा १/२' १९८७ ते १९९६. हॅरेम हा शब्द रूढ होण्याआधीच्या या मालिका. पण एकाभोवती अनेक जण, गैरसमज, मारामारी, मत्सर, सगळा साचा त्यांतूनच पुढे आला. इथे प्रत्येक भाग स्वतंत्र गंमत म्हणून वाचायचा असतो. "पुढे काय ठरतं?" या प्रश्नासाठी वाचणारा निराश होतो आणि पात्रांच्या सहवासासाठी वाचणारा न्हाऊन निघतो. 'टू लव्ह रू'ची २००९ मध्ये संपलेली पहिली मालिकाही कोणाची निवड न करताच थांबते.

चालू मालिकांबाबत स्पष्ट इशारा द्या. रेइजी मियाजिमा यांची 'रेंट-अ-गर्लफ्रेंड' २०१७ मध्ये सुरू झाली आणि तिने ३०० चॅप्टरचा टप्पा केव्हाच ओलांडला आहे. तिची गती इतकी संथ आहे की एका संध्याकाळची गोष्ट कित्येक आठवडे चालते. ज्याला आठवड्याला एक चॅप्टर वाचून त्यावर गप्पा मारायच्या आहेत, त्याला ती आवडू शकते. एका दमात संपवू पाहणाऱ्याला मी ती कधीच देणार नाही.

तिसरी पायरी: नायकाची पारख

मुलींची चित्रं बघून मांगा उचलली जाते, पण ती टिकते नायकावर. चार-पाच जणी याच्या प्रेमात का पडाव्यात, याचं उत्तर कथेत असलं पाहिजे. ते नसेल तर सगळा डोलारा पोकळ वाटतो.

'क्विंटुप्लेट्स'चा फुतारो उएसुगी गरीब घरातला, अभ्यासात पहिला, बोलायला फटकळ. कर्ज फेडायला तो पाच श्रीमंत बहिणींची शिकवणी धरतो आणि त्यांना अभ्यास नकोच असतो. सुरुवातीलाच त्यांतली नीनो त्याच्या पाण्यात झोपेचं औषध घालते! तो चिकाटी सोडत नाही, त्यांचे गुण एकेक करून वाढवतो, आणि त्यांच्या मनात जागा मिळते ती त्या मेहनतीने. 'वुई नेव्हर लर्न'चा नारियुकीही असाच. आधी स्वतः अभ्यासात कच्चा होता, म्हणून जमत नसलेल्यांची अडचण त्याला कळते. साहित्यात अलौकिक असलेल्या फुमिनोला खगोलशास्त्र शिकायचं आहे, गणितात अलौकिक असलेल्या रिझूला मानव्यशाखेकडे जायचं आहे. ज्यात गती आहे ते नको आणि जे हवं त्यात गती नाही. घरच्यांनी ठरवलेली शाखा आणि स्वतःला हवी असलेली शाखा यांत सापडलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही बारावीच्या मुलीला ही मांगा आपलीच वाटेल.

केइतारो उराशिमा हा 'लव्ह हिना'चा नायक. तोक्यो विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होणारा हा मुलगा आजीच्या गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या जुन्या विश्रामगृहात, जे आता मुलींचं वसतिगृह झालं आहे, व्यवस्थापक म्हणून येऊन पडतो. केन आकामात्सु यांची ही मालिका १९९८ ते २००१ मध्ये आली आणि पुढच्या दशकातल्या हॅरेमचा नकाशा तिने आखून दिला. आकामात्सु पुढे २०२२ मध्ये जपानच्या वरिष्ठ सभागृहावर निवडूनही गेले. केइतारोचं धडपडणं प्रेमळ आहे, पण प्रत्येक गैरसमजावर त्याला बसणारे ठोसे आजच्या वाचकाला जास्त वाटतात. हे आधी सांगा. इतिहास म्हणून वाचायला आवडणाऱ्याला ती जरूर द्या, सगळ्यांत पहिली म्हणून मात्र नको.

'रेंट-अ-गर्लफ्रेंड'चा काझुया अनेकांना सहन होत नाही. तो खोटं बोलतो, कच खातो, मग पश्चात्ताप करतो, मग पुन्हा खोटं बोलतो. त्याची बाजू घेणारे वाचक म्हणतात की वीस वर्षांचा गोंधळलेला मुलगा असाच असतो. त्यांचं म्हणणं मला पटतं, तरीही ज्याने "बावळट नायक नको" असं सांगितलंय त्याला ही सुचवणं म्हणजे त्याचं न ऐकणं.

चौथी पायरी: न लाजता सांगा

या प्रकारातल्या बऱ्याच मालिकांमध्ये अंगप्रदर्शनाचे प्रसंग असतात. चाहते त्याला फॅनसर्व्हिस म्हणतात. घसरून अंगावर पडणं, चुकून न्हाणीघराचं दार उघडणं वगैरे. नवीन माणसाला त्याची कल्पना न देता पुस्तक हातात दिलं आणि त्याने ते लोकलमध्ये उघडलं, तर तो तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. त्यातही बहुतेक पात्रं शाळकरी वयाची असतात, आणि हे अनेक वाचकांना खटकतं. त्यांचं खटकणं रास्त आहे. "अरे, एवढं काय त्यात" असं म्हणून ते उडवून लावू नका. सरळ दुसरी मांगा द्या.

माझी विभागणी साधी आहे. 'क्विंटुप्लेट्स', 'निसेकोई' यांत असे प्रसंग थोडे आणि सौम्य. 'लव्ह हिना'त सतत. 'टू लव्ह रू' मुळात त्यावरच उभी आहे, म्हणून ती मी कोणाला आपणहून सुचवत नाही. '१०० गर्लफ्रेंड्स'मध्ये चावट विनोद भरपूर आहेत, एका नायिकेची आईसुद्धा पुढे शंभरांत येते, आणि लहान दिसणाऱ्या एका पात्राबद्दल अनेकांचा आक्षेप आहे. मला ही मालिका मनापासून आवडते आणि तरीही हे तीनही मुद्दे मी आधी सांगते. विचारणारा तेरा-चौदा वर्षांचा असेल तर पुस्तकाच्या मागे छापलेलं वयाचं मानांकन बघितल्याशिवाय काहीच सुचवू नका.

पाचवी पायरी: माणसाप्रमाणे मांगा

काहीच अंदाज येत नसेल तर 'क्विंटुप्लेट्स' द्या. लांबी बेताची, करार स्पष्ट, नायक कष्टाळू, आणि पाचही बहिणी सारख्या दिसत असूनही स्वभावाने इतक्या वेगळ्या की वाचणारा तिसऱ्या खंडापर्यंत कोणाची तरी बाजू घेतोच. पाच जणींची नावं लक्षात ठेवायला एक युक्ती सांगून ठेवा: इचिका, नीनो, मीकू, योत्सुबा, इत्सुकी या नावांत अनुक्रमे एक ते पाच हे आकडे दडलेले आहेत. मीकूच्या गळ्यात हेडफोन, योत्सुबाच्या डोक्यावर मोठी रिबन, इत्सुकीच्या केसांत ताऱ्यांच्या पिना. पहिल्या खंडात गोंधळ होतो, दुसऱ्यात जातो.

प्रेमापेक्षा कथानक हवं असणाऱ्याला तामिकी वाकाकी यांची 'द वर्ल्ड गॉड ओन्ली नोज' द्या. केइमा हा डेटिंग गेममधला अजिंक्य खेळाडू. खऱ्या मुलींशी त्याला काही देणंघेणं नाही. नरकातून निसटलेले आत्मे मुलींच्या मनातल्या फटींत लपलेत आणि त्यांना बाहेर काढायचं तर त्या मुलींना प्रेमात पाडावं लागेल, असं काम त्याच्या गळ्यात पडतं. काम झालं की मुलगी सगळं विसरते, लक्षात राहतं ते फक्त त्याच्या. ही कल्पना सुरुवातीला गमतीची वाटते आणि पुढे पुढे तिचं ओझं जाणवायला लागतं. २६ खंड आहेत, शेवट ठाम आहे, आणि मधला मोठा भाग मी वाचलेल्या हॅरेममधला सगळ्यांत घट्ट विणलेला आहे.

मैत्रिणी विचारतात तेव्हा बरेच जण गडबडतात आणि मुलांसाठीच्याच मालिका पुढे करतात. एका मुलीभोवती अनेक मुलगे, अशा उलट्या हॅरेमची मोठी परंपरा आहे. बिस्को हातोरी यांची 'ओरान हायस्कूल होस्ट क्लब' २००२ ते २०१० मध्ये 'लाला' मासिकात आली. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या हारुहीच्या हातून श्रीमंत मुलांच्या क्लबातली ८० लाख येनची फुलदाणी फुटते आणि ते पैसे फेडायला तिला मुलगा समजून क्लबात घेतलं जातं. १८ खंड, आणि हसू थांबत नाही. २००६ चा ॲनिमे, म्हणजे त्यावरची ॲनिमेशन मालिका, पाहिलेल्यांनाही मांगा वाचायला सांगा, कारण ॲनिमे २६ भागांत आपल्या पद्धतीने संपतो. क्लबातले तामाकी आणि हिकारू, आणि हारुही यांच्यातलं पुढचं सगळं मांगातच आहे. इतिहास, राजकारण, तलवारी आवडत असतील तर मिझुहो कुसानागी यांची 'योना ऑफ द डॉन'. राजवाड्यातून परागंदा झालेली राजकन्या, तिच्याभोवती चार ड्रॅगन योद्धे आणि बालपणापासूनचा रक्षक हाक. प्रेम सावकाश येतं, राज्याची गोष्ट आधी. जुन्को यांची 'किस हिम, नॉट मी' १४ खंडांची आणि खूप विनोदी आहे, पण तिची सुरुवातच नायिका बारीक झाल्यावर मुलांना आवडू लागते या कल्पनेवर आहे. त्या विषयाने कोणी दुखावेल असं वाटलं तर ती बाजूला ठेवा.

ज्याला फक्त हसायचंय त्याला '१०० गर्लफ्रेंड्स' किंवा 'रानमा'.

सहावी पायरी: चार वाक्यांत सांगा

पाच मिनिटं भाषण दिलं की ऐकणारा वाचत नाही, कारण सगळं तुम्हीच सांगून टाकलेलं असतं. मी चार वाक्यांवर थांबते. सुरुवात काय आहे, नायक कसा आहे, शेवटाचा प्रकार कोणता, आणि सावध कशाबद्दल राहायचं. नमुना म्हणून:

"पाच जुळ्या बहिणींना शिकवणारा एक गरीब, हुशार मुलगा आहे आणि पुढे त्यांतल्या एकीशी त्याचं लग्न होतं, हे पहिल्याच पानावर कळतं. मुलगा फटकळ आहे पण मेहनती आहे, चिडचिड होणार नाही. एकच निवडली जाते, तेव्हा तुझी आवडती राहू शकते, ही तयारी ठेव. पहिले दोन खंड बहिणी जरा नकोशा वाटतील, तिसऱ्यापर्यंत थांब."

यात कुठल्याही बहिणीचं नाव नाही, हे बघा. "मीकू तर अप्रतिम आहे" एवढं बोललात तरी ऐकणारा तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. तुमची आवडती कोण, हे त्याची आवडती ठरेपर्यंत पोटात ठेवा. "शेवट वाचून मला रडू आलं" हेसुद्धा नको. त्यावरूनही लोक तर्क लढवतात.

सातवी पायरी: हातात देताना

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, पुस्तक आपल्या हिशेबाने मागून उघडतं, आणि चौकटीही उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू होतात. पहिल्यांदा वाचणाऱ्याजवळ बसून दोन पानं सोबत वाचा. दहा मिनिटांत सवय होते.

"हिला तो आवडतो, मग सांगून का टाकत नाही?" हा प्रश्न नवखा विचारणारच. जपानी शाळांतल्या कथांमध्ये समोरासमोर उभं राहून प्रेमाची कबुली देणं हा एक औपचारिक, मोठा क्षण असतो. नातं तिथून सुरू होतं किंवा तिथेच संपतं. एवढं माहीत असलं की दहा खंडांची टाळाटाळ समजून घेता येते. १४ फेब्रुवारीला मुली चॉकलेट देतात, आणि त्यातही मनापासूनचं वेगळं आणि रीत म्हणून दिलेलं वेगळं. मुलं त्याची परतफेड १४ मार्चला करतात. शाळेचा सांस्कृतिक उत्सव, सहल, उन्हाळ्यातली आतषबाजी, यांपैकी काहीही जवळ आलं की मोठं काहीतरी घडणार, हेही कानावर घाला.

आपण बहुतेक जण इंग्रजी भाषांतरातून वाचतो. 'निसेकोई' आणि 'वुई नेव्हर लर्न' व्हिझ या प्रकाशकाच्या शोनेन जंप ॲपवर आहेत आणि ते ॲप भारतात चालतं. शुएइशा या जपानी प्रकाशकाचं 'मांगा प्लस' हे ॲप २०१९ पासून आहे. तिथे चालू मालिकांचे पहिले आणि ताजे चॅप्टर फुकट वाचता येतात, म्हणजे चव घेऊन बघायला उत्तम. 'क्विंटुप्लेट्स'चे इंग्रजी खंड कोदान्शा प्रकाशनाचे, '१०० गर्लफ्रेंड्स'चे सेव्हन सीज प्रकाशनाचे. ऑनलाइन मागवता येतात. सगळे खंड एकदम विकत घेऊ नका. पहिले तीन घ्या, किंवा मित्राकडून आणा. तीन खंडांत एकही नायिका मनात घर करत नसेल तर ती मांगा त्या माणसासाठी नाही, मग ती कितीही गाजलेली असो.

आठवी पायरी: वाचून झाल्यावर

पुस्तक दिलं की काम संपलं असं समजू नका. साधारण निम्म्यावर पोचल्यावर "तुझी कोण?" असं विचारा आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐका. त्याची आवडती जिंकणार नाही हे तुम्हाला ठाऊक असेल, तरी चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्या वेळी तिच्याबद्दल भरभरून बोलता येणं हाच या प्रकारातला सगळ्यांत मोठा आनंद आहे.

दुसरी मांगा पहिलीच्या अनुभवावरून निवडा. आवडती जिंकली आणि आणखी तसंच हवं असेल तर 'निसेकोई'. खुणा शोधण्यात मजा आली असेल तर 'द वर्ल्ड गॉड ओन्ली नोज'. प्रकार आवडला पण नायक पटला नाही, तर '१०० गर्लफ्रेंड्स'चा रेंतारो भेटवा. आणि आवडती हरल्यामुळे कोणी खरंच खट्टू होऊन बसलं असेल, तर लगेच काही सुचवू नका. दोन-चार दिवस त्याला तिच्याबद्दलच बोलू द्या, हरलेल्या नायिकेचे चांगले प्रसंग त्याच्यासोबत पुन्हा काढून बघा, मग 'वुई नेव्हर लर्न'चे २१ खंड त्याच्याकडे पोचवा.